विमानाला वाचा फुटली



इतिहास म्हटला की राजांच्या स्वाऱ्या आणि तहांची कलमे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. पण यंत्रांनाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळदा माणसांच्या शोकातून घडलेला असतो. आज निर्जीव वस्तू आपली खबर परस्पर दूरच्या ठिकाणी कळवू लागल्या आहेत. ह्या व्यवस्थेला 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' हे नाव केविन ॲश्टन ह्या इंग्रज तंत्रज्ञांनी १९९९ साली दिले. नाव अलीकडचे असले, तरी विमानाने हा धडा त्याच्या वीस वर्षे आधीच गिरवायला घेतला होता. मुक्या विमानाला वाचा कशी फुटली, ह्याचा मागोवा आज आपल्याला घ्यावयाचा आहे.

१९५२ च्या मे महिन्यात 'कॉमेट' ह्या ब्रिटिश जेट विमानाने उतारूंची वाहतूक सुरू केली. बरोबर एका वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याहून निघालेले एक कॉमेट वादळात सापडून कोसळले आणि ४३ माणसे दगावली. पुढे १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ ३५ आणि ८ एप्रिलला नेपल्सजवळच्या समुद्रात २१ माणसे गेली. काय घडले हे सांगायला कोणी उरले नव्हते. फार्नबरो येथील संशोधकांनी समुद्रातून अवशेष गोळा केले, एक अख्खे विमान पाण्याच्या टाकीत बुडवून त्याच्या पोटातील दाब हजारो वेळा वाढवून-उतरवून पाहिला, तेव्हा कोठे धातूला येणारा थकवा हे कारण उमगले.

ह्याच अपघातांचा विचार करणाऱ्यांत मेलबर्नचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांचे नाव डेव्हिड वॉरन. ते नऊ वर्षांचे असताना, १९३४ साली, त्यांचे वडील ऑस्ट्रेलियाजवळच्या बास सामुद्रधुनीवर नाहीशा झालेल्या विमानात होते. वडिलांची शेवटची भेट म्हणजे एक साधा रेडिओ संच; त्यातूनच मुलाला ध्वनियंत्रांचा नाद लागला. एका प्रदर्शनात वॉरन ह्यांनी पोलादी तारेवर आवाज टिपणारे खिशात मावेल एवढे यंत्र पाहिले होते. असे यंत्र वैमानिकांच्या कक्षात असते तर? शेवटची वाक्ये तरी हाती लागली असती! १९५४ साली त्यांनी टिपण लिहिले आणि दोन-तीन वर्षांत नमुना तयार केला. चार तासांचे बोलणे आणि उपकरणांवरील आकडे त्यात साठत.

आणि स्वागत काय झाले? मायदेशी उपेक्षा! तेथील हवाई दलाचा अभिप्राय असा, की ह्यातून खुलाशांपेक्षा शिव्याच अधिक ऐकू येतील. वैमानिकांच्या संघटनेला तर हा आपल्यामागे लावलेला हेरच वाटला. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याकडे आपण पुन्हा वळू. १९५८ साली ब्रिटनहून आलेल्या रॉबर्ट हार्डिंगहॅम ह्यांनी मात्र त्या नमुन्याचे मोल ओळखले. पुढे १० जून १९६० रोजी क्वीन्सलँडमधील मकाय येथे विमान समुद्रात पडून २९ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांनी ध्वनिलेखक बसवण्याची शिफारस केली, आणि तो सक्तीचा करणारा ऑस्ट्रेलिया हा पहिला देश ठरला. हीच ती 'ब्लॅक बॉक्स'. नाव काळे, रंग मात्र भडक नारिंगी, का तर अवशेषांत चटकन दिसावी म्हणून.

तिचा उपयोग आपल्या मुंबईनेही पाहिला आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरील समुद्रात कोसळले आणि २१३ माणसे बुडाली. विमानाचा कल दाखवणारे कप्तानाचे उपकरण बिघडले होते, हे समजण्यास त्या पेटीतील नोंदी कामी आल्या. पण ही पेटी म्हणजे मृत्युपत्रच. ती माणूस गेल्यावर उघडावयाची.

जिवंतपणी बोलणारे विमान त्याच १९७८ साली अवतरले, आणि त्यामागचे कारण अगदी संसारी होते. विमान जागेवरून केव्हा हलले, केव्हा उडाले, केव्हा टेकले आणि केव्हा थांबले, ह्या चार वेळांवर कर्मचाऱ्यांचा पगार ठरे. त्या यंत्रानेच रेडिओवरून कळवाव्यात, म्हणून 'एकार्स' ही पद्धत निघाली. हजेरीपुस्तकासाठी उघडलेल्या ह्या वाटेने पुढे इंजिनाची प्रकृतीही जमिनीवर येऊ लागली.

तिलाही व्यवहाराचाच रेटा होता. १९६२ साली 'ब्रिस्टल सिडली' ह्या कंपनीने आपल्या 'व्हायपर' इंजिनाच्या देखभालीसाठी तासावर ठराविक आकार घेण्यास सुरुवात केली. इंजिन जितके तास उडेल तितके पैसे. दुरुस्तीचा भार कंपनीवर. ही रीत पुढे रोल्स-रॉइसने वाढवली. आता बिघाडाचा खर्च कारखानदाराचा, तेव्हा बिघाडाची चाहूल लवकर लागावी ही गरजही त्याचीच. म्हणून इंजिनात तापमान, दाब आणि कंपने मोजणारे संवेदक बसले. उड्डाण, चढण आणि संथ प्रवास अशा ठरलेल्या वेळी त्यांचे आकडे इंग्लंडातील डर्बीपर्यंत पोहोचू लागले. एकेक आकडा फारसे सांगत नाही; पण धुराचे तापमान फेरीगणिक अपेक्षेहून चढत असेल, तर आतला भाग झिजत आहे हे अनुभवी डोळा ओळखतो. मग विमान उतरण्यापूर्वीच सुटा भाग आणि कारागीर तयार ठेवता येतो. कुशल वैद्याने नाडी धरावी तसाच हा प्रकार.

परंतु नाडी धरलेली असूनही रोगी दगावतो. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसकडे निघालेले एअर फ्रान्सचे विमान अटलांटिकमध्ये पडले; २२८ माणसे गेली. शेवटच्या सुमारे पाच मिनिटांत विमानाने आपण होऊन २४ संदेश पाठवले होते. वेग मोजणाऱ्या नळ्यांच्या आकड्यांत मेळ नाही, हे त्यांतून कळत होते. पण हे संदेश देखभालीसाठी होते, सुटकेसाठी नव्हेत. ब्लॅक बॉक्स सुमारे ३,९०० मीटर खोलीवरून निघायला २०११ चा मे उजाडला.

८ मार्च २०१४ रोजी २३९ जणांना घेऊन मलेशियाचे विमान नाहीसे झाले. त्याचा 'एकार्स' बंद पडला होता. तरीही उपग्रह आणि विमान ह्यांच्यात, टेलिफोनची तार शाबूत आहे ना हे पाहावे तशी, तासातासाने नुसती हाकओ चालू होती. संदेशाला लागलेला वेळ आणि लहरींतील किंचित फरक ह्यांवरून गणित्यांनी हिंदी महासागरावर एक कमान आखली. दहा वर्षे लोटली तरी मुख्य अवशेष मिळाले नव्हते. ह्या धक्क्याने आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेने नियम केला, की नोव्हेंबर २०१८ पासून मोठ्या उतारू विमानांचा ठावठिकाणा समुद्रावर दर १५ मिनिटांनी तरी कळला पाहिजे.

आता मघाचा आक्षेप. वैमानिकांनी विचारले होते, की आमचे शब्द कोण ऐकणार आणि कशासाठी? यंत्रे जसजशी अधिक बोलू लागली, तसतसा हा प्रश्न वाढतच गेला. चूक समजून घेण्यासाठी टिपलेला आकडा जर केवळ शिक्षेसाठी वापरला, तर माणूस यंत्रापासून सत्य लपवू लागेल. दुसरी बाजूही विसरता कामा नये. पगारासाठी आणि इंजिनासाठी विमानाला वाचा आधी मिळाली. त्यातील माणसांचा शोध लागावा ह्यासाठीचा नियम मात्र दोन मोठ्या दुर्घटनांनंतर आला. यंत्राने काय बोलावे हे अखेर माणूसच ठरवतो, आणि त्याची निवड त्याने कशाची किंमत अधिक मानली हे सांगून जाते. वडिलांचे विमान कोठे गेले हे ज्याला कधीच कळले नाही, त्या मुलाने ही किंमत सर्वांच्या आधी जाणली होती.