कुलूप दार बदलून वेशीला लागलं, त्याची गोष्ट

डिमेन्शिया झालेले आजोबा सारखे दाराकडे जातात. मग आपण काय करतो? कडी लावतो.

नेदरलँड्समध्येही तेच चालायचं. ॲमस्टरडॅमजवळ वेस्प गावात एक नर्सिंग होम होतं. अगदी हॉस्पिटलसारखं, लांब कॉरिडॉर आणि बंद दारं. तिथेच काम करणाऱ्या इवॉन फान आमेरोंगेन यांचे वडील अचानक गेले, तेव्हा त्यांच्या मनात आलं, बरं झालं, बाबांना असल्या ठिकाणी राहावं लागलं नाही! हाच विचार त्यांना आतून टोचत राहिला.

१९९०च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बदल सुरू केले. २००९ पर्यंत त्याच जागी होगेवेक उभं राहिलं. तेव्हा २३ घरं, प्रत्येकात सहा-सात जण. बाग, सुपरमार्केट, कॅफे, थिएटर. रचना आपल्या वाड्यासारखी: घरांचीच भिंत बाहेरून, मोकळे चौक आत. घराबाहेर पडा, हवं तितकं फिरा.

पण वेस एकच, आणि ती राखलेली. काहींना ही फसवणूक वाटते. म्हणजे कुलूप गेलं नाही, लांब सरकलं. पण तेवढ्या अंतरात आजोबांचं ‘भटकणं’ पुन्हा फेरफटका झालं. आपल्या घरात ते कुठवर सरकवता येईल?