दोन्ही बाजूंनी निळा

दाढेवर कॅप बसवताना डॉक्टर चिमट्यात निळ्या कागदाची पट्टी धरतात. "चावा. आता डावी-उजवीकडे घासा." डाग उठेल तिथे कॅप उंच, तेवढीच घासायची. कॅप तळाशी टेकतच नसेल, तर तिला आतून रंग लावून तासलेल्या दातावर दाबतात आणि डाग दाखवेल तिथे, कधी कॅपच्या आत तर कधी दातावर, हलकेच बर, म्हणजे तासणीचं टोक, फिरवतात.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला कारखान्यातलं 'ब्लू मॅचिंग' आठवलं. फिटरही सपाट प्लेटला निळा लावून त्यावर भाग घासतो आणि डाग पडेल तिथे खरवडतो. हा निळा म्हणजे प्रशियन ब्लू; तो बर्लिनमध्ये १७०६च्या सुमारास लाल रंग करायला जाताना चुकून सापडला. इंग्लिश अभियंता जोसेफ व्हिटवर्थने १८४० साली ग्लासगोत सपाट पृष्ठभागांवर निबंध वाचला, तेव्हा त्याच्या हाती मात्र तेलात कालवलेला लाल गेरू होता. म्हणजे रंग कुठलाही चालतो. खरी विद्या डाग वाचण्याची.

पण फिटर रंग फासतो, कागद धरत नाही. मग दंतवैद्याकडे कागद आला कुठून?

सरळ उत्तर कार्बन पेपर. ते मला अर्धंच पटतं. टाइपरायटरच्या कार्बनला शाई एकाच बाजूला असते, दाताच्या कागदाला दोन्ही बाजूंना. इथेच मला राल्फ वेजवुड भेटला. त्याने १८०६ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेला कागद शाईत पूर्ण भिजवून टिपकागदांत वाळवलेला, म्हणजे दुतर्फाच होता. वर पातळ कागद, खाली जाड, मधे हा. धातूच्या लेखणीने वरून लिहिलं की खालच्या कागदावर पत्र उमटे आणि वरच्याच्या पाठीवर उलटी नक्कल, ती पातळ कागदातून सुलटी वाचता येई. खाली एक ठसा, वर एक ठसा: वरच्या-खालच्या दाढांमध्ये नेमकं हेच होतं!

कुणी म्हणेल, दोन जबड्यांसाठी दोन बाजू लागणारच, त्याला वेजवुड कशाला? गरज गोष्ट टिकवून ठेवते हे मान्य. पण तयार नमुना समोर असताना माणूस नव्याने शोधत बसत नाही. माझा कौल पक्का आहे: कागद वेजवुडच्या घराण्यातला, नजर वर्कशॉपमधली.

नजरेचा पुरावा तर डागातच आहे. सगळ्यात गडद ठिपका म्हणजे सगळ्यात उंच जागा असं नवख्याला वाटतं. पण खरा दाब जिथे पडतो तिथला रंग बाजूला सरकतो. मधे फिकट ठिपका, भोवती निळं कडं. मुरलेला फिटर आधी ते कडं शोधतो. दंतवैद्यही लाळ टिपून, दाढ कोरडी करून, जाड पट्टीनंतर पातळ फॉइल धरून तेच कडं शोधतो आणि बर टेकवतो तो मधल्या फिकट ठिपक्यावर.