स्वारीआधीचा प्रश्न : ‘भाऊबंदकी’ नाटक आणि बऱ्हाणपूर



ऐतिहासिक नाटक म्हटले की चौघडा, जिरेटोप आणि पल्लेदार भाषणे आठवतात. राजा स्वारीवर निघतो आणि प्रेक्षागृहात टाळ्या पडतात. आजच्या व्याख्यानासाठी मी निवडलेल्या नाटकात मात्र सत्ताधीशाला एका न्यायाधीशासमोर निरुत्तर व्हावे लागते. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’, सत्ताधीश राघोबादादा आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे. या हकिकतीची शेवटची पाने आपल्या बऱ्हाणपूरच्या परिसरात लिहिली गेली. आपल्या घरांतून ती क्वचितच सांगितली जातात, म्हणून हा विषय घेतला.

प्रथम घडलेले पाहू. थोरल्या माधवरावांच्या मागे त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांचा खून केला. वय अवघे अठरा. चुलते राघोबादादा त्या वेळी वाड्यातच नजरकैदेत होते. ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंनी केला, ही परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे. खुनानंतर पेशवाईची वस्त्रे दादांना मिळाली, हा मात्र इतिहास आहे. रामशास्त्र्यांनी चौकशी केली आणि दोष दादांपर्यंत पोहोचतो असे ठरवले. प्रायश्चित्त काय, असे विचारल्यावर त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि अधिकार सोडून ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. दादा फौज घेऊन निजामावर आणि पुढे हैदरावर जाण्यासाठी बाहेर पडले.

हे दादा काही भित्रे गृहस्थ नव्हते. थोरल्या बाजीरावांचे ते पुत्र. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या, त्या त्यांच्याच नेतृत्वाखाली. ‘राघोभरारी’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. अशा माणसाला स्वारी हे सर्व दुखण्यांवरचे औषध वाटले तर नवल नाही. रणांगणात जय मिळाला की वाड्यातले रक्त लोक विसरतील, हा हिशेब दादांच्या आधी अनेक राजांनी केला आणि नंतरही अनेकांनी केला.

प्रायश्चित्ताविषयी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. आमच्या जैन परंपरेत प्रायश्चित्ताच्या आधी आलोचना असते. आपला दोष गुरूसमोर आपल्याच तोंडाने सांगायचा, आडपडदा न ठेवता. ते झाले नाही तर पुढचे उपास-तापास व्यर्थ. दादांनी प्रायश्चित्त विचारले ते दोष धुऊन टाकण्याच्या घाईने. शास्त्रीबोवांनी सांगितलेला दंड कठोर होता, पण त्या दंडापेक्षाही त्यांना टोचला असेल तो कबुलीचा आग्रह.

आता नाटकाकडे येऊ. ‘भाऊबंदकी’ रंगभूमीवर आले १९०९ मध्ये. ऐतिहासिक नाटकाच्या अभ्यासकाने दोन तारखा नेहमी शेजारी-शेजारी मांडाव्यात : प्रसंगाची आणि लेखनाची. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेस दुभंगली होती. १९०८ पासून लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, आणि खाडिलकर हे टिळकांच्या ‘केसरी’चे माणूस. त्यांच्या ‘कीचकवधा’त प्रेक्षकांना कर्झनशाही दिसली आणि सरकारने १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घातली. अशा काळात ‘भाऊबंदकी’ हे नाव वाचणाऱ्याला पेशव्यांचे घर आणि आपले घर एकदमच आठवले असणार. म्हणून या नाटकात लढाईपेक्षा घर मोठे आहे. आनंदीबाईंची महत्त्वाकांक्षा, दादांचे डळमळणारे मन आणि त्या दोहोंसमोर न हलणारे रामशास्त्री, या त्रिकोणावर नाटक उभे आहे. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ची छाया त्यावर आहे, हे जाणकारांनी सांगितलेच आहे. पुढे मुंबई मराठी साहित्य संघाच्या प्रयोगात नानासाहेब फाटक राघोबा झाले आणि दुर्गाबाई खोटे आनंदीबाई. १९४४ मध्ये प्रभातचा ‘रामशास्त्री’ हा बोलपट आला आणि शास्त्रीबोवा खेड्यापाड्यांत पोहोचले.

महाराष्ट्राबाहेर ही कथा त्याआधीच गेली होती. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कथा’ या संग्रहात रवींद्रनाथ ठाकुरांची ‘विचारक’ नावाची कविता आहे. तिच्यात रघुनाथराव हैदरअलीवर निघाले आहेत, फौज चालू लागली आहे, आणि रामशास्त्री वाटेत उभे राहून पुतण्याच्या खुनाचा जाब मागतात. राजा थांबत नाही. न्यायाधीश अधिकार टाकून आपल्या गावच्या झोपडीत परत जातो. कागदपत्रांतला क्रम नेमका असा नाही. निकाल आणि स्वारी या दोन गोष्टी कवीने एका क्षणात आणून बांधल्या आहेत. तरी त्या बांधणीत कवीने मर्म पकडले आहे. निघालेली फौज हेच दादांचे उत्तर होते.

शेक्सपिअरच्या ‘पाचव्या हेन्री’शी हे ताडून पाहण्यासारखे आहे. तो राजा फ्रान्सवर निघण्याआधी धर्मगुरूंना विचारतो की, माझा हक्क न्याय्य आहे ना? धर्मगुरू वंशावळी उलगडून होकार देतात, कारण लढाई त्यांच्याही सोयीची असते. खरा प्रश्न पुढे येतो तो १४१५ च्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईआधीच्या रात्री. वेष पालटून छावणीत फिरणाऱ्या राजाला एक साधा शिपाई, त्याला न ओळखता, सुनावतो की राजाची बाजू न्यायाची नसेल तर मेलेल्यांचा हिशेब राजालाच द्यावा लागेल. तेथे प्रश्न विचारला जातो अंधारात आणि अनोळखीपणी. आपल्या कथेत तो विचारणारा पगारी न्यायाधीश आहे. समोर कोण उभा आहे हे त्याला पक्के ठाऊक आहे, आणि विचारण्याची किंमत तो स्वतः भरतो.

प्रश्न टाळून निघालेल्या स्वारीचे पुढे काय झाले? पुण्यात नाना फडणीस, सखारामबापू आदी मंडळींचे बारभाईंचे कारस्थान उभे राहिले. मार्च १७७४ मध्ये पंढरपूरजवळ कासेगावला दादांनी त्र्यंबकराव पेठ्यांचा पराभव केला. पण १८ एप्रिलला पुरंदरावर नारायणरावांच्या विधवा गंगाबाईंना पुत्र झाला आणि दादांचा हक्क संपला. लढाई जिंकलेला हा पेशवा उत्तरेकडे पळाला तो आपल्याच बऱ्हाणपूरमार्गे. १७६० मध्ये उदगीरच्या तहाने हे शहर मराठ्यांकडे आले होते. त्याच वर्षी भाऊसाहेबांची पानिपतची फौज येथून गेली. चौदा वर्षांत तापीने मराठ्यांची सर्वांत मोठी स्वारी पाहिली आणि एका पेशव्याचे पलायनही पाहिले.

पुढे दादा गुजरातेत गेले आणि मार्च १७७५ मध्ये तापीच्याच काठी, सुरतेस, इंग्रजांशी तह केला. साष्टी आणि वसई देऊ केली. त्या तहातून पेटलेले युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले. त्या युद्धात कर्नल गॉडार्ड काल्पीकडून येणारी कंपनीची पलटण घेऊन जानेवारी १७७९ मध्ये बऱ्हाणपुरास पोहोचला आणि येथून सुरतेला गेला. पुढची पिढी पाहा. दादांचे पुत्र दुसरे बाजीराव यांनी १८०२ च्या अखेरीस वसईचा तह केला. त्यातून उद्भवलेल्या युद्धात ऑक्टोबर १८०३ मध्ये कर्नल स्टीव्हन्सनने आधी बऱ्हाणपूर आणि पाठोपाठ असीरगड घेतला. आणि जून १८१८ मध्ये हेच बाजीराव असीरगडच्या परिसरात, धूळकोटच्या बाजूस, माल्कमच्या स्वाधीन झाले आणि पेशवाई संपली. एवढ्या मोठ्या पडझडीचे कारण एकच असते असे मी म्हणणार नाही. घरातला न्याय न करता बाहेर मदत शोधली की ती मदत घरात मुक्काम ठोकते, एवढे मात्र या तारखा स्पष्ट सांगतात.

आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज कुठल्या ना कुठल्या फौजेबरोबर, दप्तराबरोबर किंवा व्यापाराबरोबर या गावी आले. अटकेचा अभिमान आपल्या घरांत आहे आणि तो असावाही. पण मुलांना अटक सांगायची आणि धूळकोट सांगायचे नाही, हा अर्धा इतिहास झाला. दवाखान्यात बसल्यावर मला दिसते की ‘भाऊबंदकी’ हा शब्द अजून जुना झालेला नाही. एका वाड्याच्या दोन दारांतून येणारे सख्खे भाऊ रक्तदाबाची तक्रार वेगवेगळ्या वेळी घेऊन येतात. वाटणीचा खटला चालू असतो. दोघांच्याही वकिलांची फी दोघांनाही माहीत असते. पहिला अन्याय कोणता झाला, हे मात्र दोघेही बोलत नाहीत. रोगाची हकीकत घेताना तक्रारीच्या आधी काय घडले हे विचारायचे असते, असे आमचे शास्त्र सांगते. रामशास्त्र्यांनी राज्याची हकीकत तशीच घेतली होती.

आपल्या मंडळाच्या तरुणांनी ‘भाऊबंदकी’तला एखादा प्रवेश बसवावा, अशी माझी विनंती आहे. राघोबाची भूमिका मिळावी म्हणून चढाओढ होईल, ती होऊ द्यावी. तालमीत वेळ मात्र रामशास्त्र्यांवर अधिक खर्च करावा. त्यांच्या हाती तलवार नाही. त्यांना फक्त सरळ उभे राहून एक प्रश्न विचारायचा आहे आणि उत्तर मिळाले नाही तर पागोटे सावरून निघून जायचे आहे. नटाला ते अवघड जाते, आणि गृहस्थालाही.