भव्य शिल्पाचा सांधा : होट्टल, कंधार आणि पुढे

नांदेड जिल्ह्यात देगलूरच्या आसपास दख्खनचा काळा कातळ पातळ होत संपतो आणि त्याखालचा कितीतरी जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. काळा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, तर ग्रॅनाइट व नाइस अडीचशे कोटी वर्षांच्या घरातले. पाथरवटाच्या दृष्टीने या दोन दगडांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. बेसाल्ट घट्ट आणि बारीक कणांचा असल्यामुळे छिन्नीखाली त्यात दागिन्याचा मणी न् मणी उठतो. पण लाव्हा थंड होताना त्याला उभ्या-आडव्या भेगा पडलेल्या असतात, म्हणून निर्दोष मोठा तुकडा सहज मिळत नाही. ग्रॅनाइटमध्ये भेगा लांब लांब अंतरावर असतात. ओळीने भोके पाडून पाचरी ठोकल्या की तो सरळ रेषेत फुटतो आणि मोठमोठ्या शिळा निघतात. त्याचे कण मात्र भरड, त्यामुळे बारीक नक्षीपेक्षा मोठे, गुळगुळीत, साधे पृष्ठभाग त्याला शोभतात. उघड्यावरच्या मोठ्या शिल्पाचा विचार करताना ही दोन्ही टोके लक्षात ठेवावी लागतात, कारण शिल्प किती मोठे होणार हे कल्पनेइतकेच खाणीतून काय निघते यावर ठरत आले आहे.

देगलूरपासून दहा-एक किलोमीटरवरचे होट्टल हे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले मंदिरांचे गाव. सिद्धेश्वर मंदिराच्या बाह्य भिंतींवरील सुरसुंदरी आणि देवतांच्या मूर्ती माणसाहून लहान असून त्या भिंतीचाच भाग आहेत. या परंपरेतले बांधकाम चुन्याशिवाय केलेले असते. दगडावर दगड घासून बसवायचा, खाचेत खुंटी अडकवायची आणि वरचा भार खालच्या सांध्याला घट्ट दाबून धरील अशी रचना करायची. जोवर पाया स्थिर आहे तोवर असा सांधा शतकानुशतके टिकतो. पाया खचला किंवा झाडाची मुळे फटीत शिरली की तोच सांधा उघडा पडतो, पण दगड शाबूत राहत असल्यामुळे इमारत पुन्हा जुळवता येते. राज्य पुरातत्त्व विभागाने होट्टलला केलेले जतनाचे आणि फेरउभारणीचे काम यामुळेच शक्य झाले. चुन्यात किंवा सिमेंटमध्ये जाम झालेली भिंत अशी सोडवून पुन्हा लावता आली नसती.

मूर्ती भिंतीतून सुटून एकटी उभी राहिली की प्रश्न बदलतो. त्याचे मराठवाड्यातले सर्वांत धाडसी उदाहरण नांदेड जिल्ह्यातल्याच कंधार तालुक्यात, मन्याड नदीकाठी आहे. कंधार हे राष्ट्रकूटांचे महत्त्वाचे ठाणे होते. या घराण्याच्या बिरुदांत ‘लट्टलूर’ येते, ते म्हणजे आजचे लातूर असे बहुतेक इतिहासकार मानतात, आणि ‘कंधारपुर’ही येते. किल्ल्याच्या उभारणीचा संबंध दहाव्या शतकातल्या तिसऱ्या कृष्णाशी जोडला जातो. या कंधारच्या परिसरात एका प्रचंड पाषाणमूर्तीचे तुटलेले अवयव सापडले आहेत. मूर्ती क्षेत्रपालाची असल्याचे अभ्यासक सांगतात आणि अवशेषांच्या मापावरून तिची उंची 50 फुटांहून अधिक असावी असा अंदाज आहे.

क्षेत्रपाल हा गावाच्या, शिवाराच्या सीमेचा राखणदार, भैरवाचे एक रूप. त्याला गाभाऱ्यात बसवण्यात अर्थ नाही. राखणदार दुरून दिसला पाहिजे आणि त्यालाही दूरवर दिसले पाहिजे, म्हणून त्याचे उघड्यावर उभे असणे हाच त्याच्या कल्पनेचा गाभा आहे. आजच्या भव्य पुतळ्यांची चर्चा नुसत्या उंचीवर अडकते, तेव्हा हा मुद्दा हरवतो. कंधारच्या मूर्तीला उंची तिच्या कामामुळे आली होती.

त्याच काळात दक्षिणेला श्रवणबेळगोळला गोमटेश्वराची सुमारे 57 फुटी मूर्ती उभी राहिली. ती करवून घेणारा चामुंडराय हा गंग राजांचा मंत्री आणि गंग हे राष्ट्रकूटांचे मांडलिक. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या या दोन मूर्तींची महत्त्वाकांक्षा एकाच जातीची दिसते. पण गोमटेश्वर ग्रॅनाइटच्या टेकडीच्या माथ्यावरचाच खडक कोरून काढला आहे. तो कोठून आणलेला नाही, उभा केलेला नाही, आणि त्याला सांधा नाही. कंधारच्या मूर्तीचे सुटे अवयव पाहता ती भागाभागांत घडवून जोडली असावी असे मानायला जागा आहे. तसे असेल तर कंधारच्या कारागिरांनी अधिक अवघड वाट धरली होती, आणि एक मूर्ती उभी असताना दुसरी तुकड्यांत का आहे याचे निम्मे उत्तर तिथे मिळते. उरलेले निम्मे अर्थातच राजवटींच्या उलथापालथीत शोधावे लागेल.

अवघड म्हणजे किती, ते हिशेबाने कळते. शिल्पाची उंची दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट आणि वजन आठपट होते. 6 फूट उंचीचा, 80 किलो वजनाचा माणूस दसपट करून 60 फुटी केला तर घनफळ हजारपट वाढते. शरीराची घनता पाण्याएवढी धरली तरी 80 टन झाले, आणि ग्रॅनाइट पाण्याच्या सुमारे 2.7 पट जड असल्यामुळे आकडा 200 टनांवर जातो. हे सगळे वजन दोन घोट्यांवर येते. दगड दाबाला पक्का असतो, ताणाला आणि वाकण्याला कच्चा. म्हणूनच गोमटेश्वराच्या पायांमागे वारुळाचा आणि मांड्यांपर्यंत चढणाऱ्या वेलीचा आधार आहे. कथेत वारूळ गोमटेश्वराच्या, म्हणजेच बाहुबलीच्या, तपाची खूण आहे, स्थापत्यात ते टेकू आहे. उत्तम शिल्पात अशा दोन गरजा एकाच रूपात भागतात.

जागेवरच कोरण्याची ही रीत महाराष्ट्राला जुनी आहे. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट पहिल्या कृष्णाच्या काळात, आठव्या शतकात, वरून खाली कोरत नेले. रीत संपलेलीही नाही. नाशिक जिल्ह्यात मांगी-तुंगीच्या डोंगरात कोरलेल्या ऋषभदेवांच्या 108 फुटी मूर्तीची प्रतिष्ठा 2016 मध्ये झाली. यंत्रे नवी, पण दगड हलवायचा नाही हे तत्त्व तेच.

ब्रिटिश काळात चौकातला पुतळा आला आणि त्याच्याबरोबर ओतीव धातू आला. देवमूर्ती मेणाच्या साच्यातून ओतण्याची कला भारतात पुरातन आहे, पण घोड्यावरचा स्वार उघड्या चौकात उभा करणे हे वेगळे गणित होते. लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर मातीकाम, त्यावरून प्लॅस्टरचा साचा, मग मेण आणि शेवटी ओतकाम, असा हा प्रवास. पुण्यात 1928 मध्ये अनावरण झालेला विनायक पांडुरंग करमरकर यांचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा मुंबईत माझगावला अखंड ओतला गेला. साडेतेरा फुटांच्या पुतळ्याला सांधा नसणे हे त्या काळच्या ओतशाळेचे मोठेच यश होते. करमरकरांनी पुढे अलिबागजवळच्या सासवने गावी सिमेंटमध्येही सुंदर कामे केली. सिमेंट स्वस्त होते आणि त्याला ओतशाळा लागत नव्हती. गावोगावी पुतळे पोचले ते याच माध्यमामुळे. गेटवे ऑफ इंडियासमोरचा सदाशिव साठे यांचा 1961 चा शिवपुतळा हा ब्राँझमधल्या त्याच परंपरेचा पुढचा टप्पा.

धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार यांनी उंचीचे मापच बदलून टाकले. 1950 च्या दशकात ते पुरातत्त्व खात्यात औरंगाबादला होते आणि अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीचे काम करत होते. राष्ट्रकूटांचा दगड हाताळलेला हा शिल्पकार पुढे 182 मीटरच्या सरदार पटेलांच्या पुतळ्याचा कर्ता झाला. 2018 मध्ये पूर्ण झालेल्या त्या पुतळ्यात अखंड ओतकामाचा प्रश्नच नव्हता. आत काँक्रीटचे गाभे, त्यांवर पोलादी सांगाडा आणि बाहेर ब्राँझच्या हजारो तुकड्यांचे कवच, हे तुकडे चीनमध्ये ओतलेले. आता बाहेरून दिसते ते कातडे आणि खरे काम आतल्या सांगाड्याचे.

या बदलाने सांधा पुन्हा केंद्रस्थानी आणला, आणि तोही दोन धातूंमधला. न्यूयॉर्कच्या 1886 च्या स्वातंत्र्यदेवतेत तांब्याचा पत्रा लोखंडी सांगाड्यावर होता. दोन धातू ओलाव्यात एकमेकांना भिडले की त्यांच्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि लोखंड झपाट्याने खाल्ले जाते. मधे घातलेला अस्तराचा थर कालांतराने निकामी झाला आणि 1980 च्या दशकात आतल्या लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. दुसरी अडचण उन्हाची. हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेमधल्या दुपारपर्यंत उघड्यावरच्या धातूच्या तापमानात 50 अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात 10 मीटर लांबीचे ब्राँझ सुमारे 9 मिलिमीटर वाढते, साधे पोलाद 6 मिलिमीटर. हा तीन मिलिमीटरचा फरक दरवर्षी प्रत्येक बोल्टला थोडा थोडा सैल करतो. स्टेनलेस स्टीलचे बरेच प्रकार जवळपास ब्राँझइतकेच प्रसरण पावतात, म्हणून ते महाग असूनही आतल्या सांगाड्याला योग्य ठरते.

मालवणला राजकोट किल्ल्यावर हा हिशेब चुकला. डिसेंबर 2023 मध्ये उभारलेला शिवाजी महाराजांचा 35 फुटी पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. नट-बोल्ट गंजल्याचे पत्र आधीच गेले होते. चौकशीत गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग पुढे आले. आपण मान्यता दिली ती सहा फुटी मातीच्या प्रतिकृतीला, असे कला संचालनालयाने स्पष्ट केले. चेहरा, पोशाख, ऐतिहासिक अचूकता या गोष्टी सहा फुटी मातीत तपासता येतात, पण वारा, वजन आणि खारी हवा नाही. त्या जागी सुतारांच्या कार्यशाळेने घडवलेला 60 फुटी ब्राँझचा पुतळा मे 2025 मध्ये स्टेनलेस स्टीलच्या सांगाड्यावर उभा राहिला.

पुतळा नसलेल्या आधुनिक शिल्पातही सांधा हाच विषय आहे. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे शिकागोतले ‘क्लाउड गेट’ स्टेनलेस स्टीलच्या 168 पत्र्यांचे आहे. पण जोड घासून-पुसून असे नाहीसे केले आहेत की आभाळ आणि शहर त्यात अखंड दिसते. अमेरिकी शिल्पकार रिचर्ड सेरा यांनी उलट गंजच स्वीकारला. त्यांच्या पोलादावर चढणारा तांबूस थर खालच्या धातूचे रक्षण करतो. समुद्रकाठी मिठामुळे हा थर जमत नाही. देगलूर-लातूरच्या कोरड्या हवेत तो चांगला जमेल, पण या भागात उघड्यावरचे शिल्प म्हणजे थोर पुरुषाचा पुतळा एवढीच समजूत रुजली असल्याने तसा प्रयोग करायला कोणी पुढे आलेले दिसत नाही.

लातूरला एप्रिल 2022 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा सुमारे 70 फुटी पुतळा उभा राहिला. कंधारनंतर या टापूत पुन्हा त्याच मापाचे काम होऊ लागले आहे, पण इथल्या जमिनीची एक अट आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाआधी हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या भूकंपक्षेत्रात गणला जात होता, 2002 च्या सुधारित नकाशात लातूर तिसऱ्या क्षेत्रात गेले. किल्लारीत माणसे दगावली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंतींखाली, ज्यांच्या दोन थरांना आरपार बांधणारे दगडच नव्हते. 60-70 फुटी शिल्पाला वारा आणि भूकंप दोन्ही धरून आराखडा लागतो, आत शिरून सांधे पाहता येतील असा दरवाजा लागतो आणि पावसाळ्यानंतर दरवर्षी तपासणी लागते. नगरपालिका आणि स्मारक समित्यांनी पुतळ्याच्या अंदाजपत्रकात निदान पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीचा खर्च पहिल्याच दिवशी धरावा.