बेलापूर आणि बेलापूरकर : ग्रामनामाची साक्ष

ग्रामनामाला '-कर' हा प्रत्यय लागून आडनाव सिद्ध होते, ही मराठीतील सर्वपरिचित घटना होय. अशा आडनावावरून कुळाचे मूळस्थान निश्चित करण्याचा प्रघातही जुना आहे. या अनुमानाच्या मर्यादा 'बेलापूरकर' या आडनावाच्या आधारे तपासता येतात.

पहिली मर्यादा ग्रामनामाचीच आहे. बेलापूर एक नव्हे. एक ठाणे जिल्ह्यातील खाडीकाठचे, आज नवी मुंबईत समाविष्ट असलेले. दुसरे श्रीरामपूर तालुक्यातील, प्रवरेकाठचे. वाशीही नवी मुंबईत आहे, तशीच धाराशिव जिल्ह्यात आहे. प्रत्यय दोन्हीकडे सारखाच लागतो. म्हणजे आडनाव गावाचा निर्देश करते, पण त्याची निश्चिती करीत नाही. त्यासाठी कुलदैवत, बोली, जमिनीचे दप्तर यांची साक्ष काढावी लागते.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. खुद्द बेलापुरात सारेच बेलापूरचे. तेथे या नामाने कोणी वेगळा ओळखला जात नाही. '-कर' अर्थपूर्ण होतो तो गाव सुटल्यावर, परक्या वस्तीत. कोकणातील बेने इस्रायल समाजाची आडनावे याचा ठळक दाखला होत. रोहेकर, पेणकर, केहिमकर ही नामे ज्यू व्यक्तिनामांना जोडून मुंबईत आली आणि 1948 नंतर इस्रायलपर्यंत गेली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 मध्ये सिद्ध केलेला या समाजाचा इतिहास 1937 साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. अलिबागजवळचे ते गाव आज 'किहीम' म्हणून ओळखले जाते. आडनावात मात्र 'केहिम' हे रूप टिकले आहे. गाव सोडणाऱ्यांनी गावाचे नाव असे जपले.

या दृष्टीने नवी मुंबईकडे पाहिले असता एक विसंगती लक्षात येते. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली. पुढे वाशी, नेरूळ, बेलापूर ही ग्रामनामे नगराच्या विभागांना व रेल्वेस्थानकांना मिळाली. परंतु ज्यांच्या जमिनी गेल्या त्या आगरी-कोळी कुळांची आडनावे प्रायः पाटील, म्हात्रे, भोईर, ठाकूर अशी आहेत. 'पाटील' हे नाम अधिकाराचे आहे, स्थळाचे नव्हे. जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. या लढ्याचे नेतृत्व दि. बा. पाटील यांनी केले. भूमीवरील हक्कासाठी उभ्या राहिलेल्या या नेत्याच्या आडनावात कोणत्याही गावाचा निर्देश नाही.

तेव्हा '-कर' हा वास्तव्याचा पुरावा नसून प्रस्थानाचा पुरावा आहे. आडनावावरून कोण मूळचा आणि कोण उपरा हे ठरविणारी दृष्टी हा भेद विसरते. प्रादेशिक कादंबरीतील पात्रांची आडनावे 'मातीशी असलेल्या नात्या'ची खूण म्हणून वाचणाऱ्या समीक्षेलाही हा भेद ध्यानी घ्यावा लागेल. जे गावातच राहिले, त्यांच्या नावात गाव बहुधा सापडत नाही.