दोन शिष्यांचे दिवाण : राजा सर टी. माधवराव

तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर ‘स्टॅच्यू’ नावाचा बसथांबा आहे. नोकरीतील बदलीच्या निमित्ताने त्या शहरात राहण्याचा योग आला, तेव्हा रोज मी तेथेच उतरत असे. पुतळा कोणाचा, असे एकदा कार्यालयातील एका मल्याळी सहकाऱ्यास विचारले. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हटले, “कोणी एक जुना दिवाण.” जवळ जाऊन नाव वाचले : राजा सर टी. माधवराव. पुढे बदली बडोद्यास झाली आणि तेथील जुन्या अहवालांत हेच नाव पुन्हा समोर आले. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याची आज्ञा झाली, तेव्हा दुसरा विषय सुचला नाही.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. कुंभकोणमच्या मराठी देशस्थ समाजात माधवराव नावाचे दोन दिवाण होऊन गेले. दुसरे व्ही. पी. माधवराव, त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्रावणकोर, म्हैसूर व बडोदा येथे दिवाणगिरी केली. मीही आरंभी दोघांस एकच समजत होतो. आपले माधवराव त्यांच्या आधीच्या पिढीतले. त्यांचा जन्म १८२८ चा. तंजावरच्या भोसल्यांचे राज्य तेव्हा अस्ताला चालले होते. परंतु त्या राज्यामागून दक्षिणेत गेलेली मराठी घराणी कारभारात मुरलेली होती. माधवरावांचे वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव हे दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. तेव्हा त्यांनी केवळ स्वकर्तृत्वावर शून्यातून उदय पावल्याची कथा सांगण्यात अर्थ नाही. घरात मराठी, बाहेर तमिळ, आणि दिवाणगिरीची परंपरा, एवढी शिदोरी जन्मतःच मिळाली होती.

त्यात भर पडली ती मद्रासच्या हायस्कुलातील पॉवेल या गुरूंची. त्यांच्या हाताखाली गणितात प्रावीण्य मिळवून माधवरावांनी काही काळ तेथेच अध्यापन केले व नंतर मद्रासच्या अकौंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी धरली. अशा नोकरीत माणूस सुखाने निवृत्त होऊ शकतो, हे आम्हां कचेरीवाल्यांस सांगावयास नको. परंतु १८४९ साली त्रावणकोरच्या राजपुत्रांना शिकविण्यासाठी त्यांना बोलावणे आले. एकविसाव्या वर्षी ते राजवाड्यात शिक्षक झाले आणि तेथेच त्यांच्या भाग्याची दिशा ठरली. सुमारे चार वर्षांनी ते महसूल खात्यात शिरले, दिवाण पेशकार झाले. १८५७ च्या अखेरीस दिवाण कृष्णराव वारले, तेव्हा वयाची तिशी गाठण्यापूर्वीच दिवाणपदाची सूत्रे त्यांच्या हाती आली. १८६० मध्ये आयिल्यम तिरुनाळ गादीवर बसले. ते त्यांचेच शिष्य.

खजिन्यात तेव्हा खडखडाट होता. नोकरांचे पगार थकलेले, आणि संस्थान खालसा होण्याची भीती डोक्यावर टांगलेली. माधवरावांनी १८६० मध्ये मिऱ्याची सरकारी मक्तेदारी मोडली व तिच्या जागी निर्यात जकात बसविली; तंबाखूचीही वाट पुढे तीच झाली. १८६५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान, कोचीन व त्रावणकोर यांच्यात व्यापाराचा करार होऊन आपापसांतील जकातींचा बहुतेक अडसर दूर झाला. त्याच वर्षीच्या ‘पाट्टम’ जाहीरनाम्याने सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना त्या जमिनींवर कायमचा, वारसाहक्काने चालणारा व विकता येण्याजोगा हक्क मिळाला. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतील थोर कृत्य हेच होय. सरकारने आपलीच मालमत्ता कुळांच्या स्वाधीन करावी, ही गोष्ट त्या काळी इंग्रजी मुलखातही सहसा घडत नव्हती. कर्जही फिटले. सचिवालयाची आजची जुनी इमारत त्यांच्याच अमदानीत उभी राहिली. पुतळा तिच्याकडे पाहत उभा आहे. पार्लमेंटचे सभासद हेन्री फॉसेट यांनी त्यांना ‘हिंदुस्थानचा तुर्गो’ म्हटले. तुर्गो हा फ्रान्सच्या सोळाव्या लुईचा सुधारक अर्थमंत्री. त्यालाही राजाने घालविले होते, हे फॉसेटच्या ध्यानात होते की नाही कोण जाणे!

पण स्मरणिकेत गुणगानच करावे, असा काही नियम नाही. १८५८ च्या अखेरीस दक्षिण त्रावणकोरात नाडार स्त्रियांनी छाती झाकावी की नाही यावरून दंगे झाले. रूढी मोडू नये, असाच माधवरावांच्या कारभाराचा पहिला हुकूम होता. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांचा दाब आल्यावर जुलै १८५९ मध्ये जाहीरनामा निघाला, आणि त्यातही वस्त्र उच्चवर्णीयांप्रमाणे नेसू नये, ही अट राहिलीच. मिऱ्याच्या मक्तेदारीतला अन्याय ज्याला आपण होऊन दिसला, त्याला हा अन्याय दुसऱ्याने दाखवावा लागला. ‘तो काळच तसा होता’ असे म्हणून ही गोष्ट मिटविणे मला प्रशस्त वाटत नाही. तो काळ ट्रेव्हेलियनचाही होता.

ज्या शिष्याच्या राज्यात ते मोठे झाले, त्याच शिष्याशी पुढे बिनसले. दरबारात कानभरणी झाली, महाराजांचे मन कलुषित झाले आणि १८७२ मध्ये माधवरावांनी पद सोडले. मागे भरलेली तिजोरी होती. पुढील दोन वर्षे तुकोजीराव होळकरांच्या इंदुरात गेली. त्यांविषयी विशेष लिहिण्याजोगे नाही.

१८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि बडोद्याचा विस्कटलेला कारभार माधवरावांकडे आला. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून आलेला, अक्षरओळखही नसलेला बारा वर्षांचा मुलगा त्याच वर्षी सयाजीराव म्हणून गादीवर बसला. येथेही इजारदार, सावकार, सरदार यांची जुनी देणीघेणी निस्तरावी लागली. न्यायालये, पोलीस, शाळा यांची घडी बसवावी लागली. दरवर्षी राज्यकारभाराचा अहवाल छापण्यास आरंभ झाला. मी वाचले ते हेच अहवाल. त्यांत अलंकार नाही, आत्मस्तुती जवळजवळ नाही; आकडा आणि कारण, एवढाच मामला. सरकारी टिप्पणी लिहिणाऱ्याने ते एकवार अवश्य पाहावेत.

इलियट हे महाराजांचे नेमलेले शिक्षक. परंतु १८८१ मध्ये माधवरावांनी स्वतः त्यांना राजधर्मावर व्याख्याने दिली. राज्याचा खजिना म्हणजे राजाची खाजगी थैली नव्हे, न्यायाच्या कामात राजाने हात घालू नये, असा त्यांचा रोख होता. त्रावणकोरचा अनुभव गाठीशी असलेला हा वृद्ध शिक्षक जणू दुसऱ्या शिष्याला आधीच बांधून घेऊ पाहत होता. डिसेंबर १८८१ मध्ये महाराजांस अधिकार मिळाले. १८८२ मध्ये माधवराव बडोदे सोडून गेले. राज्य स्वतः चालविण्याची उमेद असलेल्या तरुण राजाला जुन्या दिवाणाची सावली नको होती. यात सयाजीरावांस दोष देता येत नाही. त्यांनी पुढे जे केले, त्यातील पुष्कळशा गोष्टींचा पाया त्या सात वर्षांतला होता, इतके मात्र म्हटले पाहिजे.

१८८७ मध्ये मद्रासला भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते स्वागताध्यक्ष झाले. परंतु तेथील मागण्यांचा वेग त्यांना मानवला नाही आणि ते बाजूस सरले. ४ एप्रिल १८९१ रोजी मद्रासला मैलापुरात त्यांचे निधन झाले.

तिरुवनंतपुरम सोडण्यापूर्वी त्या सहकाऱ्याने मला आपल्या गावी जेवावयास नेले होते. परसात नारळाची व फणसाची झाडे होती. ही जमीन पूर्वी सरकारी पाट्टमची, एका जाहीरनाम्यामुळे ती पणजोबांच्या मालकीची झाली, असे त्याच्या वडिलांनी सहज बोलता बोलता सांगितले. तो कोणाच्या कारकिर्दीतला, हे सांगितल्यावर पितापुत्र दोघेही माझ्याकडे पाहू लागले. “म्हणजे स्टॅच्यूवरचा तोच?” सहकाऱ्याने विचारले, आणि तो वडिलांना मल्याळममध्ये समजावून सांगू लागला.