रिपिट गेला तरी भोक राखा

आमचे अब्बा जीपचे मिस्त्री. रिव्हेटला ते ‘रिपिट’ म्हणत. पोरांना बजावत, ‘रिपिट गेला तरी चालेल, भोक बिघडता कामा नये.’ तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

जीप जन्मली युद्धात. १९४० मध्ये अमेरिकी सैन्यानं चारही चाकांना जोर मिळेल अशी हलकी गाडी मागितली. पहिला नमुना बॅन्टम कंपनीनं दिला. पुढं विलीज आणि फोर्ड यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर गाड्या बनवल्या. या गाडीचा कणा म्हणजे चासी. दोन लांब पोलादी पट्ट्या आणि त्यांना रिव्हेटनं जोडलेले आडवे तुकडे. रिव्हेटला आटे नसतात, त्यामुळं धक्क्यांनी तो नटासारखा सुटत नाही.

आपल्याकडं १९४५ मध्ये महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. मुंबईत विलीज जीपची जोडणी याच कंपनीनं केली. अब्बा ही हकिकत पोरांना आवर्जून सांगत.

अब्बा गेल्यावर काही वर्षांनी मी एक जुनी जीप घेतली. चासीचा एक आडवा तुकडा गंजला होता. एका कारखान्यात दिली, तर त्यांनी गॅसनं रिव्हेट कापले आणि भोकं लांबट करून ठेवली. नवे बोल्ट बसवले, ते महिन्याभरात खडखडू लागले. अब्बांचं बोलणं तेव्हा कळलं.

शेवटी अब्बांच्या हाताखाली शिकलेल्या एका मिस्त्रींकडं गेलो. बिघडलेली भोकं त्यांनी वेल्डिंगनं भरली आणि मापानं पुन्हा पाडली. उरलेले जुने रिव्हेट मात्र सबुरीनं काढले. आधी डोकं घासून सपाट केलं, मधोमध खूण केली, रिव्हेटपेक्षा बारीक ड्रिल चालवलं, छिन्नीनं डोकं उडवलं आणि दांडा ठोकून बाहेर काढला. दोन पत्र्यांमधला गंज खरवडला, रंग दिला. मग नवा रिव्हेट भट्टीत लाल केला, सांडशीनं भोकात घातला. एकानं मागून जड लोखंड दाबून धरलं, दुसऱ्यानं पुढून ठोकून डोकं घडवलं. ठोकताना दांडा फुगतो आणि भोक भरून टाकतो. निवताना आखडतो आणि दोन्ही पत्रे घट्ट आवळतो. भोकच लांबट असेल, तर ही पकड नीट बसत नाही.

काम संपल्यावर मिस्त्री म्हणाले, ‘कंपनीच्या नावातला एक रिपिट बदलला बघा, पण एम अँड एम तसंच राहिलं. हे तुमच्या अब्बांचंच बोलणं.’

अब्बांनी ते मला कधी सांगितलं नव्हतं. कदाचित मी गॅरेजात थांबलोच नसेन. परतताना घाटात जीप जराही खडखडली नाही.